सर्वांत लहान घात आधी

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी बीजगणिताच्या एकाच घटकाविषयी लिहिणार आहे, कारण ऋण घातांक असलेल्या राशींचे अवयव आमच्या गणिताच्या सरांनी ज्या रीतीने शिकवले, ती रीत मला पुढे शिकताना आणि शिकवतानाही सतत उपयोगी पडली आहे.

सरांनी नियम आधी लिहून दिला नाही. ८, ४, २, १ असे २ चे उतरते घात फळ्यावर मांडून, दर पायरीला घात एकाने कमी होतो आणि संख्या २ ने भागली जाते, हे त्यांनी आमच्याकडून वदवून घेतले. मग १/२ आणि १/४ या पुढच्या पायऱ्या वर्गातूनच आल्या. पाया शून्य का चालत नाही, तेही त्याच ओघात कळले. न्यूटनने १६७६ साली रॉयल सोसायटीचे सचिव ओल्डेनबर्ग यांना लिहिलेल्या पत्रात, अअ साठी जसे अ² लिहितात तसेच १/अ साठी आपण अ⁻¹ लिहितो, असे सांगितले आहे. हे मी पुष्कळ नंतर वाचले, तेव्हा सरांच्या त्या उतरत्या पायऱ्याच डोळ्यांपुढे आल्या.

खरी अडचण पुढे होती. ६क्ष⁻⁴ − ५क्ष⁻³ + क्ष⁻² या राशीतून सामाईक म्हणून काय बाहेर काढायचे, असे विचारल्यावर बहुतेकांनी क्ष⁻² सांगितले, कारण दोन हा आकडा चारपेक्षा लहान दिसतो. सरांनी संख्यारेषा काढली, शून्याच्या जागी आपल्या नागपुरातील बर्डीवरचा झिरो माईलचा स्तंभ मांडला, कामठीची बाजू धन आणि वर्ध्याची बाजू ऋण ठरवली. वर्ध्याकडे जितके दूर जावे तितकी संख्या लहान, म्हणून −४ हाच येथे सर्वांत लहान घात. एरवी प्रमाण मराठीत बोलणारे सर अशा वेळी रंगात येऊन विचारीत, “काहून? ते सांगा!” आणि कारण सांगता आल्याशिवाय उत्तर मान्य करीत नसत.

क्ष⁻⁴ बाहेर काढला, की कंसातील प्रत्येक पदाचा घात वजाबाकीने मिळतो: −३ − (−४) = १ आणि −२ − (−४) = २. म्हणून ती राशी क्ष⁻⁴(६ − ५क्ष + क्ष²), म्हणजेच क्ष⁻⁴(क्ष − २)(क्ष − ३) अशी होते. उणेतून उणे वजा करण्याची हीच पायरी सर्वांत नाजूक आहे, आणि सरांनी तिच्यावर दिलेला वेळ मला आजही योग्य वाटतो. क्ष⁻² बाहेर काढणाऱ्यांना ते चूक म्हणत नसत. कंसात ६क्ष⁻² − ५क्ष⁻¹ + १ उरते, ते बरोबरच असते, पण ऋण घात कंसात तसेच राहिल्यामुळे काम अर्धेच झालेले असते, एवढे ते दाखवून देत. सगळे आधी अपूर्णांकांत लिहून समच्छेद करण्याची वाटही त्यांनी दाखवली, मात्र राशीची घडण घातांकांत ठेवूनच लवकर ओळखू येते, असे त्यांचे मत होते आणि माझेही आहे.

याची पुरती किंमत मला महाविद्यालयात कलन (कॅल्क्युलस) शिकताना कळली. क्ष ला (क्ष² + ४) च्या वर्गमुळाने गुणून विकलज, म्हणजे बदलाचा दर, काढला, तर दोन पदे येतात: एकात (क्ष² + ४) चा अर्धा घात, आणि दुसऱ्यात क्ष² ला गुणलेला त्याचाच उणे अर्धा घात. लहान घात उणे अर्धा. तो बाहेर काढला की दोन घातांतील अंतर १ असल्याने कंसात (क्ष² + ४) + क्ष², म्हणजे २क्ष² + ४ उरते. ही राशी कधीच शून्य किंवा ऋण होत नाही आणि बाहेरचा अवयवही सदैव धन असतो, म्हणजे बदलाचा दर सदैव धन, त्यामुळे ते फल (फंक्शन) सतत वाढते हे एका दृष्टीत दिसते. दोन पदे सुटी ठेवली असती, तर एवढ्या सहज दिसले नसते.

आज शाळेत शिकणाऱ्यांसाठी क्ष⁻⁵ − क्ष⁻³ ही राशी येथे देतो. आधी सर्वांत लहान घात ठरवावा, तो बाहेर काढावा, आणि कंसात उरलेल्या वर्गांच्या वजाबाकीचेही अवयव करावेत. मग सरांच्या शिस्तीप्रमाणे क्ष = २ घेऊन ताळा पाहावा: मूळ राशीची किंमत १/३२ − १/८, म्हणजे −३/३२ येते, आणि अवयवांच्या गुणाकारातूनही तीच यायला हवी.