तुम्ही विचारलंत म्हणून: गच्ची, गळती आणि एक नाव

मे महिना लागला की जॉगिंग ट्रॅकवर, किराणा दुकानात, गेटपाशी एकच प्रश्न येतो. "वॉटरप्रूफिंगवाला चांगला माणूस सांगा ना, तुम्हाला त्यातलं कळतं." मी नाव सांगत नाही. समोरचा हिरमुसतो, काही जण रागावतात. "एवढं माहीत असून सांगत नाहीत" असं आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात माझ्यामागे बोललं जातं, तेही माझ्या कानावर आलंय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आपण शेजारी एकमेकांना काय सांगतो? नाव, फोन नंबर आणि "एक नंबर काम करतो". गच्ची किती वर्षांची होती, वर कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जाड थर होता की नुसता स्लॅब, काम कुठल्या महिन्यात झालं, त्यानंतर किती पावसाळे गेले, यातलं काहीच सांगत नाही. शिवाय सांगतो कधी, तर काम उरकून आठवडा झालेला असताना, गच्ची पांढरीशुभ्र दिसत असताना. ती शिफारस रंगाची झाली. गळती थांबली की नाही हे कळायला माझ्या मते दोन पावसाळे जावे लागतात. वॉटरप्रूफिंगचा नवा कोट, म्हणजे लेप, पहिल्या पावसात बहुधा तगतो. मग उन्हाळ्यात स्लॅब तापतो, रात्री निवतो, भेगा रोज उघडझाप करतात, आणि कोट जिथे पातळ असेल तिथे त्या रेषेत फाटतो. ते दुसऱ्या वर्षी घरात ठिबकायला लागल्यावर समजतं.

हे फक्त गच्चीचं नाही. ज्याच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्याने सुचवलेला आरओ, गंगापूर धरणाचं पाणी पिणारा जसाच्या तसा बसवून घेतो आणि निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडत राहतो. नाव बरोबर असतं, घर वेगळं असतं.

पूर्वी मी नावं देत होतो, आणि अगदी मनापासून देत होतो. कष्टाळू मिस्त्रीला काम मिळतं, शेजाऱ्याची फसवणूक टळते, यात वाईट काय, असं वाटायचं. कुणाकडून कधी एक रुपया घेतला नाही, हेही इथेच सांगतो, कारण तशी शंका घेणारेही आहेत.

मग काकूंची गच्ची झाली.

त्याआधीची एक गच्ची सांगायला हवी, कारण शिफारस तिच्या जोरावर झाली. चार वर्षांचा स्लॅब, वर फक्त सिमेंटचा गिलावा, कोबा नाही. काम मार्चमध्ये, पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर. मिस्त्रीने आधी वायर ब्रशने सगळं घासून धूळ काढली. प्रत्येक भेग छिन्नीने व्ही आकारात, अर्धा इंच रुंद आणि तेवढीच खोल उघडली, एसबीआर (सिमेंटची पकड वाढवणारं रबरी द्रावण) मिसळलेल्या मसाल्याने भरली. कठड्याच्या कडेला गोलाईदार वाटा काढला, कारण काटकोनात कोट सहसा टिकत नाही, तिथेच तो पहिल्यांदा चिरतो. मग पाणी घालून पातळ केलेला पहिला हात, त्यावर घट्ट हात देऊन तो ओला असतानाच फायबरची जाळी, ती वाळल्यावर शेवटचा हात आधीच्या हाताला आडवा. काम सकाळी लवकर आणि संध्याकाळी. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर कोट लावला की वरची साय लगेच धरते आणि आतल्या वाफेने टाचणीएवढी भोकं पडतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन पावसाळे ती गच्ची कोरडी राहिली. माणूस चांगला होता, आजही आहे.

काकूंचं घर त्याच गल्लीत, पण वीस वर्षं जुनं. स्लॅबवर साडेचार इंचाचा विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर चिनी तुकड्यांची फरशी. कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर पाण्याची टाकी, शेजारी पाणी तापवायचा सोलर. खाली देवघराच्या छतावर परातीएवढा ओला डाग, कडेला लोणा धरून पापुद्रे सुटलेले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "कुणाला बोलावू?" मी नाव आणि नंबर दिला. वर चढून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात वळवाची एक जोराची सर येऊन गेली होती. दोन दिवस कडक ऊन पडलं, फरशी वरून खडखडीत वाळली. मिस्त्रीच्या हातात मृगाच्या आत उरकायची पाच कामं होती. त्याने फरशी धुतली, सांधे भरले, जाळीसकट कोट दिला. दिसायला पहिल्या गच्चीइतकंच नीट.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कोटावर फुगे आले. आधी लिंबाएवढे, मग पुरीएवढे. बोटाने दाबला की आत पाणी डुचमळायचं. जुलैत देवघरातला डाग दुप्पट झाला आणि देव्हाऱ्यावर थेंब पडू लागले. मिस्त्री स्वतःहून आला, फुगे कापून पुन्हा कोट दिला, पैसे घेतले नाहीत. पंधरा दिवसांत पुन्हा फुगे. काकू मला गेटपाशी म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर काम दिलं हो." पुढे काही बोलल्या नाहीत. त्या वर्षी त्यांच्याकडून संक्रांतीचा तिळगूळ आला नाही.

पावसाने उघडीप दिल्यावर टाकीच्या स्टँडजवळ एक फूट लांबरुंद खड्डा कोब्यात खोदायला लावला. वरचा थर निघाला आणि खाली विटांचे तुकडे चपचपीत भिजलेले. खड्ड्यात अर्ध्या तासात बोटभर पाणी जमलं. कोबा म्हणजे मुरलेल्या विटांचा स्पंज असतो. एकदा पाणी धरलं की वरून दोन दिवसांच्या उन्हाने तो वाळत नाही. त्यावर कोट देणं म्हणजे ओल्या स्पंजवर झाकण बसवणं. ऊन पडलं की आतल्या पाण्याची वाफ होते, ती कोट उचलते, तेच फुगे. आणि वरून उडून जायची वाट बंद झालेलं पाणी स्लॅबच्या भेगेतून खाली उतरतं. म्हणजे कामानंतर गळती वाढली ती योगायोगाने नाही. कामानेच वाढवली.

दुसरी गोष्ट याहून वाईट निघाली. स्टँडचे पाय पक्के करायला कुणीतरी कधीकाळी कोब्यातून आरपार बोल्ट मारले होते आणि सोलरच्या थंड पाण्याच्या पाइपचा सांधा बरोबर तिथे झिरपत होता. बारा महिने. पावसाचा यात हिस्सा होता, पण उगम तो नव्हता. आणि काकूंनी मला मे महिन्यात सांगितलं होतं, "थंडीतसुद्धा डाग ओलाच असतो बघा." हे वाक्य मी ऐकलं होतं. डाग बाराही महिने ओला असेल तर पाइप, टाकी किंवा संडास-बाथरूमचा नहाणी ट्रॅप, आणि फक्त पावसात ओला होत असेल तर गच्ची, हे कुणीही मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. त्या दिवशी मी नाव सांगायच्या घाईत होतो.

तेव्हा दोष कुणाचा? मिस्त्रीने ओल तपासायला हवी होती, हे खरं. पण त्याला "गच्ची गळते" एवढंच सांगितलं गेलं, आणि त्यामागे माझा शब्द होता म्हणून त्यानेही जास्त विचारलं नाही. माझ्या नाव देण्याने दोन्हीकडचे प्रश्न बंद झाले. त्या गल्लीत पुढे त्याला काम मिळालं नाही, तेही माझ्याच खाती.

गोदेला पूर आला की "लई पाणी आलंय" एवढ्यावर नाशिककर थांबत नाही. तो विचारतो, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत? गुडघ्याला, कमरेला की छातीला, एवढं कळलं की भांडी बाजारवाला दुकानातला माल हलवायचा की नाही ते ठरवतो. गच्चीलाही तशी खूण हवी. म्हणून आता नाव विचारणाऱ्याला मी खुणा सांगतो. लोकांना त्या नको असतात, तरी सांगतो.

छतावरच्या डागाच्या कडेने शिसपेन्सिलीने रेघ ओढा आणि तारीख टाका. महिन्याने पुन्हा. हिवाळ्यात रेघ ओलांडली तर आधी प्लंबर. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, सकाळी बघा. उतरलेली दिसली तर गच्चीला हात लावू नका.

पाऊस संपला की ऑक्टोबरात पाणी साठवून बघा. पावसाळी पाइपच्या तोंडात पोत्याचा बोळा घट्ट बसवायचा. उतारामुळे उंच बाजू कोरडी राहते, म्हणून शेतात करतो तसे मसाल्याचे बांध घालून वाफे पाडायचे आणि एकेक वाफा दोन इंच भरून 48 तास ठेवायचा. कुठला वाफा भरल्यावर खाली ओल आली ते कळलं की निम्मं काम झालं. 900 चौरस फुटांच्या गच्चीला दोन इंच पाणी म्हणजे साधारण सव्वाचार हजार लिटर, म्हणून हे उन्हाळ्यात करू नका, पाणीही नसतं आणि भिजलेला कोबा वाळायला वेळही उरत नाही.

मग चार महिने वाळू द्या. फेब्रुवारीत दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान 16 तास ठेवा. आतून दव धरलं किंवा खालची जागा काळपट झाली तर अजून थांबा. कोबा असेल तर एखाद्या ठिकाणी छोटा खड्डा घेऊन आतली वीट हाताने बघाच. प्लास्टिक खोलवरची ओल नेहमी दाखवत नाही. वीट ओलीच असेल आणि कोबा पोकळ वाजत असेल तर तो काढावा लागतो, त्याला औषध नाही. जुन्या कोब्यावर नवा कोबा घाला म्हणणाऱ्याला मात्र नाही म्हणा. साडेचार इंची कोब्याचं वजन चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास भरतं. 900 फुटांवर अठरा टन. स्लॅब ते दुसऱ्यांदा उचलण्यासाठी घातलेला नसतो.

काम सुरू झाल्यावर बादल्या मोजा. बादलीवर किती लिटरला किती फूट ते छापलेलं असतं. समजा दोन हात मिळून लिटरला 25 चौरस फूट लिहिलंय, तर 900 फुटांना 36 लिटर लागणार, म्हणजे वीस लिटरच्या दोन बादल्या. एकच बादली आली तर कोट निम्म्या जाडीचा होणार, मग मिस्त्री कितीही नावाजलेला असो. कोट कठड्यावर नऊ इंच ते फूटभर चढला पाहिजे. पाइपच्या तोंडात आतपर्यंत गेला पाहिजे. शेवटचे पैसे पुन्हा पाणी साठवून बघितल्यावर. "दहा वर्षांची गॅरंटी" असं कागदावर असेल तर ती मालाची की कामाची, हे त्याच कागदावर लिहून घ्या.

एवढं सांगितल्यावर लोक म्हणतात, "ते सगळं ठीक, पण माणूस कोण?"

आणि इथे माझ्याकडे चोख उत्तर नाही. पंचाहत्तरीच्या आजी जिना चढून वाफे पाडणार आहेत का? ज्यांचा मुलगा परदेशी आहे ते बादल्या मोजत उन्हात उभे राहतील का? त्यांना मी खुणांची यादी देतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला दिसतं. शिवाय जाणकारांनी नावं देणं बंद केलं तर पोकळी राहत नाही. मग ज्याने कालच गच्ची पांढरी करून घेतली तो नाव देतो. माझ्या गप्प बसण्याने चांगल्या मिस्त्रीचं नुकसान होतं आणि कच्च्याला रान मोकळं मिळतं, हा आरोप मी खोडू शकलेलो नाही. पूर्वीचा मी आज समोर उभा राहिला तर हाच मुद्दा काढेल, आणि मी त्याला काकूंच्या देवघराचं छत दाखवेन. दोघांपैकी कुणाचं पटेल सांगता येत नाही.

काकूंशी आता बोलणं आहे. कोबा काढून सगळं नव्याने झालं, सांधा बदलला, टाकीचा स्टँड कोबा न भेदता ठोकळ्यांवर उभा केला. झालेल्या खर्चाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांनी विचारलं तेव्हा मी स्वतः वर गेलो. ऑक्टोबरात वाफे भरले, फेब्रुवारीत प्लास्टिक लावलं, सगळ्या नोंदी एका कागदावर लिहिल्या. आणि त्या कागदाबरोबर नाव दिलं. त्याच मिस्त्रीचं. तो कागद त्याने दोनदा वाचला आणि स्टँडच्या पायांजवळ आधी खड्डा घेऊन बघतो म्हणाला.

एक पावसाळा कोरडा गेलाय. दुसरा अजून जायचाय.