ओंजळीतली पोळी

रविवारपासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, म्हणून आज लिहायला बसले. शेजारच्या पंजाबी आंटी वर्षभर मागे लागल्या होत्या, शेवटी त्यांच्याबरोबर लंडनमधल्या साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात गेले, गुरु नानक रोडवरच्या.

लंगर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. डोक्यावर ओढणी घेतली, पंगतीत बसले, ताटात डाळ-भाजी आली. मग एक म्हातारे बाबाजी 'परशादा जी' म्हणत पोळ्यांची टोपली घेऊन आले आणि मी सवयीनं ताटाकडे बोट दाखवलं. ते नुसते उभे राहिले. आंटी कानात म्हणाल्या, ताटात नाही टाकत, दोन्ही हात पसर. आणि मला ते जमेचना हो! नाशिकला मी अकरा वर्षं बँकेत होते, कर्जाच्या फाइलवर माझी सही लागायची, शिपायापासून बिल्डरपर्यंत सगळे मॅडम म्हणायचे, आणि इथे ह्यांच्या नोकरीमुळे आले तर सुपरमार्केटच्या कॅश काउंटरवर दिवसभर उभी असते. आता पोळीसाठी हात पसरायचे? घसा दाटून आला.

माझ्या शेजारी पिवळं जॅकेट घातलेला एक बांधकामावरचा माणूस होता, नखांत सिमेंट. त्यानं ओंजळ पुढे केली, पोळी घेतली, कपाळाला लावली. मग मी केली. गरम होती, तूप मनगटापर्यंत ओघळलं.

गेलं वर्षभर मी देवावर रुसून होते, त्यानं माझी किंमत कमी केली म्हणून. तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं की त्याच्या लेखी मी मॅडम असतानाही एवढीच लाडकी होते आणि आत्ताही तेवढीच आहे. इतकं हलकं वाटलं, काय सांगू. आणि लगेच लाजही वाटली, कारण मग तो सिमेंटवालाही तेवढाच लाडका आणि पंचवटीतल्या आमच्या घरी भांड्याला येणाऱ्या ताईसुद्धा.

त्यांचा कप वेगळा असायचा. कान तुटलेला, स्वयंपाकघराच्या खिडकीत उपडा. आई वाईट नाही हं, त्यांच्या मुलीची फी आईनंच भरली, आजारपणात पैसे दिले, पण कप खिडकीतच राहिला आणि मीही त्यातच चहा ओतत राहिले.

गुरु अमरदासांनी नियम घातला होता, आधी पंगत मग भेट, आणि सांगतात की अकबर बादशहासुद्धा पंगतीत बसून जेवला. हे आंटींनी अभिमानानं सांगितलं तेव्हा मी तावातावानं म्हटलं, आमच्याकडे पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला या, वारकरी लहान-मोठा न बघता एकमेकांच्या पाया पडतात, सगळ्यांना माऊली म्हणतात. खरंच आहे ते. पण बोलता बोलता काळाराम मंदिर आठवलं आणि पुढे शब्द सुचेना. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी तिथे सत्याग्रह सुरू केला, माणसं रामाच्या दर्शनासाठी वर्षानुवर्षं झगडली तरी दार उघडलं नाही, आणि १९३५ साली बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्मांतराची घोषणा केली. त्या दारासमोरून मी रोज शाळेत जायचे. राम काय माणसं निवडून प्रेम करत होता? आपणच मध्ये उभे राहिलो. आणि मी तरी काय, मामाच्या ओळखीनं मोठ्या देवळांत रांग चुकवून आत जायचे, त्याचा मला अभिमान वाटायचा.

जेवण झाल्यावर आंटींनी भांडी घासायला नेलं. दीड तास ताटं विसळली, बोटांची सालं निघाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा घरी येऊन शांत झोपले.

काल आईला फोन केला. ताई आल्या का विचारलं, म्हणाली, आत्ताच आल्यात, चहा टाकलाय. मी म्हटलं, आई, आज तुझ्या कपाच्या सेटमधला दे ना त्यांना. आई जरा वेळ बोललीच नाही. मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.