तुम्ही विचारलंत म्हणून : नगरसेवक पक्ष सोडून गेला, तरी त्याचं पद का जात नाही?

निवडणूक होऊन दोन-चार महिने झाले की हा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक अशाच शब्दांत : ‘भाऊ, आमी मत देल्लं एका चिन्हाले, अन् हा जाऊन बसला दुसऱ्याच्या मांडीवर. याचं पद काहून नाही जात?’ त्याच्या पाठोपाठ दुसरा असतोच. मग आता आमच्या नालीचं काय, रस्त्याचं काय, पालिकेवर भरवसा ठेवायचा तो कोणाच्या जोरावर? दुसऱ्याचं उत्तर जास्त कामाचं आहे, पण पहिल्याशिवाय ते समजत नाही.

आधी तुम्ही कुठे राहता ते पाहा. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. ‘आमच्या पक्षाचे इतके सरपंच निवडून आले’ हे दावे निकालाच्या संध्याकाळी केलेले असतात, निवडणुकीच्या कागदावर त्यातलं काही नसतं. त्यामुळे गावच्या सरपंचानं आज हा दुपट्टा घातला आणि उद्या तो, तरी पक्षांतरबंदी त्याला लागत नाही. नगरपंचायत, नगरपरिषद, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि महानगरपालिका यांच्यासाठी मात्र वेगळा कायदा आहे : महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986.

या कायद्यानं पद दोन वाटांनी जातं. सदस्यानं स्वतःहून पक्ष सोडला, किंवा पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं अथवा मतदानालाच दांडी मारली. पहिल्या वाटेत लेखी राजीनामाच लागतो असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. वागणुकीवरूनही पक्ष सोडल्याचं मानता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1994 च्या रवी नाईक प्रकरणात सांगितलं. ते प्रकरण आमदारांचं होतं, पण दोन्ही कायद्यांत शब्द तेच असल्यानं दाखला इथेही दिला जातो. म्हणजे पक्षप्रवेशाचा फोटो, स्टेजवरचं भाषण, चौकातला बॅनर हा सगळा पुरावा. अडचण अशी की मोबाईलमधला व्हिडिओ नुसता दाखवून चालत नाही. त्याला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं (पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 65-ब, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63). समोरचा वकील पहिल्या तारखेला हेच विचारतो, आणि अर्ध्या प्रकरणांचा दम तिथेच निघतो.

दुसरी वाट म्हणजे व्हीप, मत कसं द्यायचं हा पक्षाचा लेखी आदेश. उपाध्यक्षाची निवड किंवा विषय समित्या आल्या की नगरसेवक ‘सहलीला’ जातात, फोन बंद, घराला कुलूप. व्हीप बजावायला गेलेले दोघं-तिघं दारावर कागद डकवतात, शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन पंचनामा करतात, फोटो काढतात. शेजारी बहुतेक वेळा सही करत नाही, त्याला याच गल्लीत राहायचं असतं. मग कागदातच घोळ सापडतो. व्हीपवर गटनेत्याऐवजी (पालिकेतला त्या पक्षाच्या नगरसेवकांचा नेता) भलत्याच पदाधिकाऱ्याची सही असते, किंवा ‘सभेला हजर राहावे’ एवढंच लिहिलेलं असतं, मत कोणाला द्यायचं ते नसतं. 2000 साली सर्वोच्च न्यायालयानं याच कायद्याखालच्या एका नगरपरिषदेच्या प्रकरणात कडक भूमिका घेतली : निवडून आलेल्याचं पद घालवायचं, तर आदेश अधिकार असलेल्यानंच दिलेला हवा आणि तो नीट पोचलेला हवा. शिवाय मतदानापासून 15 दिवसांत पक्षानं ते कृत्य माफ केलं, तर विषय संपतो. त्या पंधरा दिवसांत काय काय ठरतं हे गावाला कळतं, कागदावर येत नाही.

निवाडा जिल्हाधिकारी करतात (महानगरपालिकेची व्यवस्था वेगळी आहे). त्यांच्यापुढे अर्ज जातो तो दुसऱ्या सदस्याचा, बहुधा गटनेत्याचा. मतदार म्हणून तुमची तक्रार तिथे फार तर माहिती ठरते. आणि गटनेत्याची स्वतःचीच बोलणी सुरू असली, तर अर्ज होतच नाही. झाला तरी तारखा, मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, स्थगिती, आणि पाच वर्षं अशीच निघून जातात. पद का जात नाही याचं खरं उत्तर हे आहे. कायदा आहे, पण तो चालवणारे तेच आहेत ज्यांना उद्या तो नको असतो.

आकड्यांचंही एक कारण आहे. विलीनीकरणाच्या नावाखाली सूट मिळवायची तर पक्षाचे किमान दोन-तृतीयांश सदस्य राजी लागतात. नऊ नगरसेवक असतील तर सहा. म्हणून एकटादुकटा क्वचित जातो. ‘सहा जणांचा प्रवेश’ अशी बातमी आली की सहाव्याला काय मिळालं ते शोधा, सर्वात महाग तोच असतो. याशिवाय निकालाच्या अधिसूचनेनंतर एका महिन्यात आघाडी करून तिची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, आणि ती निवडणुकीआधीचीच आघाडी मानली जाते. जानेवारी 2026 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोटात भाजप आणि एमआयएमचे नगरसेवक ‘अकोट विकास मंच’ या एका नावाखाली आले आणि मुख्यमंत्र्यांनाच हे चालणार नाही म्हणून जाहीर सांगावं लागलं, ते याच सोयीतून. तेव्हा नगरसेवक आज कोणत्या पक्षाचा, हे बॅनरवर वाचू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातली गटनोंदणी पाहा.

आता दुसरा प्रश्न. ‘विकासासाठी प्रवेश केला’ हे वाक्य अर्धं खरं असतं, कारण पालिकेचा पैसा दोन जातींचा आहे. घरपट्टी पालिका स्वतः वसूल करते, आणि वित्त आयोगाचा निधी सूत्रानं येतो, मुख्यतः लोकसंख्येवर. या पैशाला तुमचा नगरसेवक कुठल्या पक्षात आहे याच्याशी देणंघेणं नाही. दुसरा पैसा मर्जीचा : ‘वैशिष्ट्यपूर्ण कामां’चं विशेष अनुदान, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीकडून येणारी रक्कम, आमदारांचा वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी, आणि खेड्यात सगळ्यांना तोंडपाठ असलेलं लेखाशीर्ष 2515 (गावातल्या मूलभूत सोयींच्या कामांचा शासनाचा निधी). नगरसेवक पळतो तो या दुसऱ्या पैशामागे. प्रवेशानंतर वॉर्डात काम निघालं तर कामावरच्या फलकावर योजनेचं नाव वाचा. वित्त आयोग लिहिलं असेल, तर ते काम पक्ष न बदलताही झालं असतं.

आधी मंजूर झालेलं काम त्याच्या जाण्यानं अडतं का, हे कागद कुठवर आला यावर आहे. ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि मग कार्यारंभ आदेश, अशी ती वाट. कार्यारंभ आदेश निघाला असेल तर करार पालिका आणि ठेकेदार यांच्यात झालेला असतो, त्यावर मुख्याधिकाऱ्यांची सही असते आणि नगरसेवकाचं पक्षांतर तिथे लागू पडत नाही. नुसती प्रशासकीय मान्यता असेल आणि पैसा शासनाच्या मर्जीचा असेल, तर खरा धोका. 2022 मध्ये सरकार बदललं तेव्हा आधीच्या सरकारच्या मंजुऱ्यांना धडाधड स्थगिती मिळाली आणि प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. म्हणून ‘काम मंजूर झालं’ असं कोणी सांगितलं की एकच विचारा : कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि तारीख काय?

पक्षांतराच्या दिवसांत सभेवर जास्त लक्ष हवं. विषयपत्रिका आधी निघते, ती सगळे पाहतात. गडबड होते ती शेवटच्या ओळीत, ‘अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय’. जागेचा भाडेपट्टा, ठेक्याला मुदतवाढ असले ठराव तिथून घुसतात. पुढच्या सभेत मागचं कार्यवृत्त कायम होतं, त्याआधी त्याची प्रत हातात असेल तर हरकत घेता येते. नंतर धावपळ फार होते.

काम झाल्यावर मोजमाप पुस्तक मागा, लोक ज्याला एम.बी. म्हणतात. समजा गल्लीत काँक्रीट रस्ता झाला : लांबी 100 मीटर, रुंदी 3 मीटर, जाडी 0.15 मीटर, म्हणजे 45 घनमीटर. टेप घेऊन रस्त्याच्या उघड्या कडेला, दोन-तीन ठिकाणी, नुसत्या काँक्रीटची जाडी मोजा. खालचा खडीचा थर धरू नका, त्याची नोंद वेगळी असते. सगळीकडे 10 सेंटिमीटर भरली तर काम 30 घनमीटरचं आणि बिल 45 चं. हा तिसरा हिस्सा कोणत्या पक्षानं खाल्ला हे शोधण्यापेक्षा एम.बी.वर सही कोणत्या अभियंत्याची आहे ते पाहणं सोपं. आणि हे नगरसेवकावरच अवलंबून असतं असंही नाही. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांआधी विदर्भातल्या बहुतेक पालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते. नगरसेवक नव्हते, बिलं निघतच होती.

नगरपरिषदेत आता प्रभागात सहसा दोन नगरसेवक असतात आणि नगराध्यक्ष थेट निवडून येतो. एक गेला तरी दुसरा आहे, अर्ज दोघांच्याही नावानं द्या आणि पोच आवक-जावक विभागातून घ्या, कोणाच्या घरून नको.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा, मुदत 30 दिवस. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. ‘वॉर्डातल्या सर्व विकासकामांची माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज मोघम म्हणून परत येतो. त्यापेक्षा कामाचं नाव, आर्थिक वर्ष, आणि हव्या त्या प्रतींची नावं : कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, शेवटचं देयक. प्रत पानाला 2 रुपये. उत्तर आलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टँप. दुसरं 90 दिवसांत माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे, पश्चिम विदर्भासाठी अमरावतीला आणि पूर्व विदर्भासाठी नागपूरला.