तुमची फी नेमकी कशाची?

"मंडपाचं बिल आम्ही देणार, जेवणाचं आम्ही देणार, सजावट, साउंड, फोटो सगळं आमच्याच खिशातून जाणार. मग ताई, तुमची फी नेमकी कशाची?"

मी समारंभांचं आयोजन करते. दरपत्रक हातात पडलं की पाच मिनिटांत हा प्रश्न येतो. कुणी हसत विचारतं, कुणी चिडून, कुणी चार नातेवाइकांदेखत मुद्दाम मोठ्याने. इतकी वर्षं मी त्याला आटोपशीर उत्तरं देत आले. समन्वयाची, देखरेखीची, तुमची धावपळ वाचवण्याची. यातलं काही खोटं नाही, पण मला स्वतःलाच ते कधी पुरेसं वाटलं नाही. धावपळ करायला प्रत्येक घरात दोन-चार तरुण मुलं असतातच. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदा काय ते सगळं सांगून टाकते.

आधी कमिशनचं, कारण बहुतेक वेळा प्रश्नामागे तोच संशय असतो. हो, काम आणून देणाऱ्याला काही पुरवठादार टक्का देतात. या धंद्यात ते सर्रास चालतं. माझ्याकडे तो टक्का तुमच्या बिलातून वजा झालेला दिसतो, आणि माझी फी वेगळ्या ओळीत, ठरलेल्या रकमेत लिहिलेली असते. एकूण खर्चाच्या टक्केवारीवर मी काम करत नाही. केलं तर तुमचा खर्च वाढण्यात माझा फायदा, मग "एवढी फुलं नकोत" हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? पण झालंय असं, की "आम्ही फी घेतच नाही" म्हणणारे माझ्यापेक्षा स्वस्त दिसतात. त्यांची कमाई मंडपाच्या आणि ताटाच्या दरात मुरलेली असते. ती दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. माझी दिसते, म्हणून मला विचारतात. पगाराची तारीख जवळ आली की त्यांचंच बरोबर आहे असंही कधी कधी वाटून जातं.

आता कामाचं. एकच गोष्ट घेते, जनरेटरची. ६२.५ केव्हीएच्या (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) जनरेटरमधून, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातली प्रत्यक्ष कामाला येणारी वीज किती याचं प्रमाण, ०.८ धरला तर ५० किलोवॉट मिळतात. दिवे, पंखे, साउंड, एसी, स्वयंपाकाकडची यंत्रं यांची बेरीज ४५ आली की घरचा माणूस म्हणतो, बसलं की सगळं. पण साधी मोटर किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढतो. असे दोन-तीन एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं, साउंडचा मिक्सर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी माइक हातात घेऊन बोलायला उभं राहिलेलं असतं. म्हणून साउंडची लाइन वेगळी काढायची, एसी एकेक करून चालू करायचे, पाहुणे यायच्या आधी सगळा लोड टाकून जनरेटर चालवून बघायचा, आणि त्याच्या चालकाला जेवायला पाठवताना जागेवर दुसरा माणूस उभा करायचा. हे सगळं नीट पार पडलं तर तुम्हाला काय दिसतं? दिवे लागलेले दिसतात. दिवे तर लागतातच, त्यात काय!

धंद्यात नवी होते तेव्हा मला याच गोष्टीचा अभिमान होता. यजमानाला काही कळता कामा नये. केटररचा टेम्पो अडकलाय, सजावटवाल्याचे कारागीर आलेले नाहीत, हॉलवाल्याने खोलीची किल्ली हरवलीय, यातलं एक अक्षर त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हसतमुखाने फिरायचं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलींनाही मी हेच शिकवलं. आज त्या वेळच्या मला विचारावंसं वाटतं: सगळं झाकून ठेवलंस, तर फी कशाची हे लोकांना कळणार कसं? तिचंही उत्तर तयार असतं. सगळं दाखवलंस तर त्यांच्या आनंदाचा दिवस तुझ्या काळज्यांनी भरून जाईल, मग फी घेऊन दिलंस काय? या भांडणात मी अजून जिंकलेले नाही.

एका संध्याकाळनंतर हा प्रश्न मला जास्तच लागायला लागला. ती संध्याकाळ नीट सांगितल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

आई-वडिलांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून मुलांनी ठेवलेला समारंभ. लॉनवर मंडप, शेजारी कार्यालयाची पक्की इमारत. त्या इमारतीतला हॉल मी पावसाची सोय म्हणून राखून ठेवला होता. त्याचं भाडं जास्तीचं कशाला, यावरून आधीच एकदा वाद झाला होता. जेवणाआधी वडील बोलायला उभे राहिले. हातात दुमडलेले कागद, बहुधा बरेच दिवस लिहीत असावेत. पहिलं पान संपत आलं होतं, तेवढ्यात क्षितिजाजवळ वीज चमकली.

मी मोजायला लागले. वीज दिसते ती लगेच, आवाज मात्र सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या वेगाने येतो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. चमक आणि गडगडाट यांच्यात ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असं समजायचं, उघड्यावरून पक्क्या इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. नियम इतका सरळ आहे. मंडप ही पक्की इमारत नव्हे. लोखंडी खांबांवर ताणलेलं कापड आहे ते, विजेपासून त्याचा काही आधार नाही. पाऊस पडत असेल तिथेच वीज पडते असंही नाही. ढगापासून दहा-दहा किलोमीटर लांब, डोक्यावर आभाळ मोकळं असतानाही ती पडू शकते. शिवाय गडगडाटी ढगाच्या पुढे वाऱ्याचा जो झोत येतो, तो पावसाच्या आधी पोचतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा दाब चौपट होतो.

पहिल्यांदा आकडा २८ आला. पुढच्या विजेला २४.

मी थोरल्या मुलाजवळ गेले. "दादा, सगळ्यांना हॉलमध्ये न्यावं लागेल. आत्ता."

"बाबा बोलतायत, ताई."

"माहीत आहे. थांबवावं लागेल."

"एक थेंब तरी पडलाय का? पाच मिनिटं थांबा ना. त्यांचं बोलणं संपू दे."

पाच मिनिटं. मला ती देता येत नव्हती. मी निवेदकाला खूण केली. त्याने अतिशय सौम्यपणे माइक घेतला आणि सांगितलं, हवा बिघडतेय, आपण सगळे आत जाऊ, पुढचा कार्यक्रम तिथेच होईल. मुली आपापल्या रांगांपाशी ठरल्याप्रमाणे उभ्या होत्या. व्हीलचेअरवरच्या आजी आणि लहान मुलं आधी गेली. स्वयंपाकाकडचे गॅस बंद केले, मंचाच्या दिव्यांची लाइन काढली. कुणी पडलं नाही, कुणाचा धक्का कुणाला लागला नाही. वडील शेवटच्या लोकांत आत आले. येताना त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवले.

आणि काही झालं नाही. आकडा २६ आला, मग ३५, मग लांबवर नुसती गुरगुर. वारा सुटला तो झालरी हलण्याइतपत. पावसाचा थेंब नाही. हॉलमध्ये खुर्च्या अपुऱ्या, माइक बाहेरून आणून जोडेपर्यंत बराच वेळ गेला. अर्धा तास कुणाला बाहेर सोडायचं नाही म्हटल्यावर लोक दाराशी गर्दी करून आभाळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. काही जण तसेच घरी निघून गेले. जेवण आत आणून मांडलं तोवर गार झालं होतं. मुलीने वडिलांना पुन्हा बोलायची विनंती केली, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे आता."

ते तीन शब्द माझ्या कानातून जात नाहीत.

थोरल्या मुलाने फीचा शेवटचा हप्ता दिला नाही. "५० वर्षांतून एकदा येणारा दिवस तुम्ही घालवलात," एवढंच म्हणाला. मंडपवाला, साउंडवाला, केटरर यांचे उरलेले पैसे माझ्या हातून जायचे होते, त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. ते मी पदरमोड करून चुकते केले. त्याच्यामागे तगादा लावला नाही. करारात माझी बाजू स्पष्ट होती, पण त्या माणसाशी त्या रात्रीवरून पैशांसाठी भांडणं मला जमणारं नव्हतं.

मी पुन्हा तसंच करीन. १३ ऑगस्ट २०११ला अमेरिकेत इंडियाना स्टेट फेअरमध्ये काय झालं ते आमच्या कामातल्या प्रत्येकाने वाचायला हवं. वादळ जवळ येतंय हे माहीत होतं, पण कार्यक्रम होईल अशी आशा मंचावरून बोलूनही दाखवली होती. काही मिनिटांत वाऱ्याचा झोत आला, मंचावरचा तात्पुरता सांगाडा प्रेक्षकांवर कोसळला आणि सात माणसं गेली. मागाहून झालेल्या चौकशीत पुढे आलं की कार्यक्रम थांबवायचा अधिकार नेमका कुणाचा, याबद्दलच स्पष्टता नव्हती. तिथे बेफिकीर लोक होते असं मी म्हणणार नाही. 'आणखी पाच मिनिटं' म्हणणारी माणसं कुठेही असतात, आणि त्यांच्यापाशी दर वेळी चांगलं कारण असतं. वडील बोलतायत, यापेक्षा चांगलं कारण कोणतं?

म्हणून फी कशाची, तर याची. त्या क्षणी ज्याचा बाप मंचावर उभा नाही, अशा कुणीतरी निर्णय घ्यावा याची. घरच्या माणसाला तो घेता येत नाही. तो हुशार नाही म्हणून नव्हे, त्याचं मन तिथे गुंतलेलं असतं म्हणून. आणि तो निर्णय अमलात आणायला रिकामा हॉल, वेगळी लाइन आणि रांगांपाशी उभ्या मुली आधीपासून तयार ठेवाव्या लागतात. नव्वद टक्के तयारी वापरलीच जात नाही, तिचाही खर्च असतोच.

पण मुलाचं म्हणणं मी अजून मोडीत काढू शकलेले नाही. वादळ येऊन खांब उखडले असते, तर त्याच लोकांनी हात जोडले असते. आलं नाही, म्हणून मी दिवस घालवला. माझ्याकडे पुरावा काय? जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? आणि त्याचं नुकसान तर डोळ्यांसमोर घडलं होतं, ते खरंच झालं होतं. त्याच्या वडिलांच्या खिशातल्या उरलेल्या पानांवर काय लिहिलं होतं, ते त्या घरातल्या माणसांनीही कदाचित कधी ऐकलं नसेल. नियम पाळला, एवढं म्हणून त्याची भरपाई होत नाही.

आता पहिल्याच बैठकीत मी करारातलं ते कलम मोठ्याने वाचून दाखवते: वीज, वारा, आग किंवा गर्दी यांमुळे कार्यक्रम थांबवायचा निर्णय आयोजक म्हणून माझा राहील, आणि नंतर धोका टळला म्हणून फी कमी होणार नाही. पूर्वीची मी हे कधीच केलं नसतं. काही जण ऐकून घेतात, दोन प्रश्न विचारतात आणि सही करतात. काहींचे चेहरे उतरतात. आनंदाच्या बैठकीत ही कसली भाषा, असं त्यांच्या डोळ्यांत दिसतं, आणि मलाही ते बघवत नाही. मध्यंतरी एका कुटुंबाला बाकी सगळं पसंत होतं, फक्त ते एक कलम काढा म्हणाले, निर्णय आमचा आम्ही घेऊ. मी काढलं नाही. त्यांनी काम दुसरीकडे दिलं. मोठं काम होतं, आणि तो हंगाम आम्हाला ओढग्रस्तीचा गेला. माझ्याकडची एक मुलगी तेव्हा म्हणाली, "ताई, कलम काढून काम घेतलं असतं, आणि वेळ आलीच असती तर तुम्ही तरीही थांबवलंच असतं ना?" थांबवलं असतं. पण अधिकार नसताना थांबवायला गेलं की आधी वाद घालावा लागतो, आणि मोजणं तोवर ३० वरून १० वर आलेलं असतं. हे मी तिला सांगितलं. तिला पटलं असं वाटलं नाही.