दगडाचं निळं रक्त

पुतणी सात वर्षांची आहे आणि तिला खडे गोळा करायचा भारी नाद, बांधकामावरची खडी, नदीतले गोटे, काहीपण चालतं. परवा वॉशिंग मशीनमधे खडखड सुरू झाली, फ्रॉकच्या खिशातून चार खडे निघाले, वहिनी भडकली, ही रडायला लागली, म्हणून मग मी तिला जवळ घेऊन इन्यानची गोष्ट सांगितली.

इन्यान म्हणजे खडक. तिकडे अमेरिकेत साउथ डकोटाच्या बाजूला लाकोटा नावाचे तिथले मूळ लोक राहतात, त्यांच्या या गोष्टीत सगळ्यात आधी फक्त हा खडक होता आणि भोवती काळोख, त्या काळोखाचं नाव हान. इन्यान तेव्हा मऊ होता बरं का, त्याची सगळी शक्ती त्याच्या रक्तात आणि ते रक्त निळं. पण एकट्याने शक्ती घेऊन करायचं काय? म्हणून त्याने स्वतःतलंच काढून एक मोठ्ठी चकती केली, ती पृथ्वी, तिचं नाव मका.

"मका?? कणसाचा?"

झालं, पाच मिनिटं नुसतं हसणं. (तो क ते घशातून काढतात, पण ऐकतंय कोण.)

तर मका करायच्या भरात इन्यानने इतकं दिलं की त्याच्या शिरा उघडल्या, रक्त वाहून गेलं आणि त्याचं झालं पाणी. शक्तीला पाण्यात राहता येईना, ती सुटी होऊन वर गेली आणि निळं आकाश झाली, तो स्कान. आणि इन्यान बिचारा आकसून कडक होऊन बसला, अंगात काही त्राण नाही.

"त्याला दुखलं?"

म्हणलं दुखलंच असणार.

पुढे मकाबाईंच्या तक्रारी. अंधार आहे, मी मलाच दिसत नाही, मग स्कानने उजेड केला. आता थंडी वाजते, मग खडक, माती, पाणी आणि स्वतःतलं थोडं थोडं घेऊन त्याने सूर्य केला. तर आता उकडतंय! शेवटी दिवस आणि रात्र आळीपाळीने. पुतणी हळूच म्हणाली, ही आईसारखीच आहे.

मोठ्यांसाठी एक सांगतो, हे लिहून ठेवलं जेम्स वॉकर नावाच्या डॉक्टरने, तो १८९६ ते १९१४ पाइन रिज या लाकोटांच्या राखीव प्रदेशात होता, जॉर्ज स्वॉर्डसारख्या जाणत्या लाकोटा लोकांकडून त्याने ऐकलं, पण सलग गोष्ट त्याने स्वतः जुळवलीये, त्यामुळे प्रत्येक लाकोटा घरात अगदी अशीच सांगतात असं धरू नका. दगडाचा मान मात्र आजही आहे, इनिपी नावाच्या विधीत छोट्या घुमटासारख्या झोपडीत तापवलेले दगड ठेवून वर पाणी ओततात, वाफ होते, आणि त्या दगडांना आजोबा म्हणतात, तुंकाशिला. त्यातलं 'शिला' ऐकून मी पण चमकलो होतो, पण तो निव्वळ योगायोग.

सकाळी बघतो तर खिडकीत स्टीलच्या वाटीत ते चार खडे, वाटी काठोकाठ पाण्याने भरलेली. त्यांचं त्यांना परत दिलंय म्हणे. वहिनीने वाटी शोधली, पण उचलली नाही.