आज चौथं इंजेक्शन झालं

छातीवर एक साधी पुळी आली होती. तिचा व्रण मूळ जागेची हद्द ओलांडून पसरतच गेला. कीलॉइडचं, म्हणजे अशा वाढत जाणाऱ्या व्रणाचं, हेच असतं, जखम भरते पण त्वचा कोलॅजन (जखम भरून काढणारं प्रथिन) बनवायचं थांबवत नाही.

लोकांना वाटतं, प्रश्न फक्त दिसण्याचा आहे. तो आहेच, ३ वर्षं मी गळाबंद कपड्यांत काढली. पण रात्री २ वाजता खाजेनं जाग येणं, कुणी मिठी मारायला आलं की आधीच अंग चोरणं, बॅगेचा पट्टा घासला की कळ जाणं, हे कुणाला दिसतं?

आज डॉक्टरांनी १० प्रश्नांचा तोच कागद पुन्हा भरून घेतला. खाज, कपडे, काम, जवळीक. ३० पैकी जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. पहिल्यांदा २१ होते, आज ८. आकडा बघून डोळे भरून आले.

व्रण गेलेला नाही. ट्रायमसिनोलोनची, म्हणजे व्रणातच टोचायच्या स्टिरॉइडची, सुई दुखतेच. नुसता कापून काढला तर बहुतेकदा परत येतो, कधीकधी आधीपेक्षा मोठा, म्हणून धीर धरलाय. पण तो मऊ पडलाय. काल रात्री सलग ७ तास झोपले. सकाळी उठल्यावर हात छातीकडे गेलाच नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.