प्रमोशनच्या बैठकीत आपल्याबद्दल कोण बोलतं?

मी एचआरमध्ये काम करते. वर्षअखेरीस अप्रेझलचे फॉर्म भरून आले की सगळ्या टीमचे मॅनेजर एकत्र बसतात आणि कुणाला कोणतं रेटिंग, कुणाचं प्रमोशन यावर शिक्कामोर्तब करतात. या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. एखादा मॅनेजर सढळ हाताने गुण देतो, दुसरा हात आखडता घेतो, म्हणून सगळ्यांना एकच माप लागावं हा त्यामागचा हेतू. ज्यांच्याबद्दल बोलणं चालतं ते कर्मचारी अर्थातच तिथे नसतात. अशी बैठक होते, हेच अनेक जणींना ठाऊक नसतं. साहेबांनी फॉर्म भरला, सही केली, की विषय संपला असं त्या धरून चालतात.

त्या दिवशी टीम लीडच्या जागा मोजक्याच होत्या आणि नावं बरीच. पहिलं नाव एका सीनिअर अ‍ॅनालिस्टचं आलं. त्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘नवी बिलिंग सिस्टीम ठरल्या तारखेला सुरू केली. जुन्या डेटाची पडताळणी पूर्ण केली. बिलांच्या तक्रारी कमी झाल्या.’ त्याच टीममधल्या त्याच्या सहकारी मुलीचा फॉर्म पुढे आला. ‘अतिशय मेहनती. सगळ्यांशी मिळून मिसळून वागते. कोणतंही काम सांगा, कधी नाही म्हणत नाही.’

दोघांनी काम एकाच प्रोजेक्टवर केलं होतं. त्या काळात उशिरापर्यंत थांबण्याच्या मंजुऱ्या माझ्याच टेबलावरून जात होत्या, त्यामुळे कुणाचा किती भार होता हे मला माहीत होतं. तरी कागदावर त्याची कामं आली होती आणि तिचा फक्त स्वभाव आला होता.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “मुलगी चांगली आहे, पण टीम सांभाळायला जमेल का तिला? जरा मवाळ वाटते.” त्याच्या बाबतीत हा प्रश्न कुणाच्याही मनात आला नव्हता. अ‍ॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या तीन संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल कंपनीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हेच दिसलं होतं. प्रत्यक्ष कामगिरीत बायकांना पुरुषांपेक्षा सरस गुण मिळत होते, पण ‘पुढे जाण्याची क्षमता’ या रकान्यात कमी. हा रकाना भरताना मॅनेजरला अंदाजच बांधायचा असतो, आणि जिथे अंदाज असतो तिथे मनातली जुनी चित्रं डोकावतात. मी म्हटलं, “हा प्रश्न आधीच्या नावाला विचारला नाही. विचारायचा तर दोघांसाठी विचारू.” खोलीत जरा चुळबुळ झाली. पण बाजू पालटली ती माझ्या बोलण्याने नाही.

फायनान्सच्या प्रमुख मॅडम तोवर गप्प होत्या. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि एक मेल वाचून दाखवला. सिस्टीम सुरू होण्याच्या अगदी तोंडावर त्या मुलीने तो पाठवला होता. मजकूर साधारण असा होता: ‘महिन्याच्या मध्यात ज्यांनी प्लॅन बदलला, त्या ग्राहकांना कालच्या चाचणीत दोन-दोन बिलं निघाली. जुना प्लॅन बंद झाल्याची तारीख नव्या सिस्टीममध्ये येत नाही, हे कारण. अशा ग्राहकांची यादी सोबत जोडली आहे. दुरुस्ती तपासून दुपारपर्यंत कळवते, तोवर बिलं सोडू नयेत.’ मॅडम म्हणाल्या, “बिलं थांबवली ती या मेलवरून. नाहीतर चुकीची बिलं बाहेर गेली असती आणि निस्तरायला आम्ही बसलो असतो.”

मेलच्या प्रतीत तिच्या मॅनेजरचंही नाव होतं. त्याने तो तेव्हा वाचलाही होता. पण ढीगभर फॉर्म भरायला बसल्यावर त्याला आठवली ती तिची तत्परता, तो मेल नाही. आकस नव्हता त्याच्या मनात. नुकसान मात्र आकस असल्याइतकंच झालं असतं, आणि मला नेमकी याचीच चीड येते. तिचा फॉर्म तिथेच नव्याने लिहिला गेला आणि तिचं नाव यादीत गेलं.

पुढचं एक नाव मात्र राहून गेलं. तीही कामाची मुलगी. नव्या लोकांना शिकवणं, मीटिंगच्या नोंदी काढणं, कार्यक्रमांची व्यवस्था, व्हेंडरच्या मागे लागणं, सगळं तिच्याकडे. ती नसती तर टीमचं रोजचं काम अडलं असतं. पण टीमबाहेर कुणालाच तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलता येईनात. “पुढच्या वर्षी पाहू,” म्हणून पान उलटलं.

अशी कामं बायकांच्याच वाट्याला का येतात, यावर लिंडा बॅबकॉक, लिझ वेस्टरलंड आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधिकांचा २०१७ सालचा अभ्यास आहे. कुणीतरी करायलाच हवं, पण करणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, अशी कामं. त्यांच्या प्रयोगात अशा कामाची विनंती बायकांना जास्त वेळा केली गेली, आणि विनंती झाल्यावर ७६ टक्के वेळा बायका हो म्हणाल्या, तर पुरुष ५१ टक्के वेळा. त्यातली मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की गटात फक्त पुरुष असतील तर तेही निमूट पुढे होत होते. म्हणजे बायकांना अशा कामाची हौस असते हे काही खरं नाही. बायका ती कामं करतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, आणि त्यांनी स्वतःही.

निकाल कळल्यावर ही दुसरी मुलगी माझ्याकडे आली. “मॅडम, माझं काय कमी पडलं तेवढं सांगा.” बैठकीतलं बोलणं बाहेर सांगता येत नाही. पण बैठक कशी चालते हे सांगायला कसली आडकाठी? मी तिला विचारलं, “तुझ्या साहेबांना आत्ता फोन केला आणि तुझी या वर्षातली तीन मोठी कामं विचारली, तर ते काय सांगतील?” ती विचार करत राहिली. मग म्हणाली, “मी सगळ्यांना मदत करते, असं सांगतील.”

त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. मी तिला सांगितलं, की दर महिन्याला साहेबांना एक छोटा मेल पाठवत जा. काय अडलं होतं, तू काय केलंस, त्याने काय बदललं, एवढंच. आपणच आपलं सांगायचं म्हणजे मिरवल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली. हे मी फार जणींकडून ऐकते आणि त्यात मला काडीचं तथ्य वाटत नाही. साहेबांना वर आपली बाजू मांडायची असते, त्यासाठी त्यांच्या हाती काहीतरी हवं. ते देणं हा कामाचाच भाग आहे. शिवाय टीमबाहेरचा एक तरी वरिष्ठ माणूस असा हवा, ज्याचं काम तुझ्यामुळे सुकर झालं आणि ज्याला ते माहीत आहे. फायनान्सच्या मॅडमना तो मेल थेट गेला नसता, तर त्या दिवशी त्याही गप्पच बसल्या असत्या.

नोंदी काढण्यासारख्या कामांना एकदम नकार देऊ नकोस, असंही मी सांगितलं. नकार दिला की बाईवर लगेच ‘आडमुठी’ असा शिक्का बसतो. हा अन्याय आहे, पण तो धरूनच पावलं टाकावी लागतात. त्यापेक्षा पाळी लावायला सांगायचं. “या महिन्यात मी काढते, पुढच्या महिन्यात कोण?” हे मीटिंगमध्येच, सगळ्यांसमोर विचारायचं. आणि पुढच्या पदासाठी काय लागेल, हे अप्रेझलच्या तोंडावर नाही, वर्षाच्या सुरुवातीलाच विचारायचं. ‘आत्मविश्वास वाढव’ असलं मोघम उत्तर आलं तर तिथे थांबायचं नाही. “म्हणजे नेमकं कोणतं काम माझ्याकडे आलं तर तुम्हाला तो दिसेल?” असं विचारायचं आणि मिळालेलं उत्तर त्याच दिवशी मेलवर टाकायचं.

मीटिंगमध्ये आपलं म्हणणं दुसऱ्याच्या नावावर जमा होतं, ही तिची आणखी एक तक्रार होती. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या महिला सहायकांनी यावर एक तोडगा काढला होता. एकीने मुद्दा मांडला की दुसरी तो तिचं नाव घेऊन पुन्हा मांडायची. एकटीने करण्याजोगी ही गोष्ट नाही, म्हणून टीममधल्या दोघी-तिघींशी आधी बोलून ठेव, असं मी सुचवलं.

आमच्या बाजूनेही एक बदल झाला. ज्या फॉर्मवर नुसती विशेषणं आहेत, तो मी आता मॅनेजरकडे परत पाठवते. काही जण कुरकुरतात, पण दुसऱ्या खेपेला आलेल्या फॉर्मवर कामं असतात. ही जबाबदारी सगळी बायकांच्याच गळ्यात घालणं मला मान्य नाही.

पहिला मेल पाठवण्याआधी तिने मला मसुदा दाखवला. सुरुवात होती, ‘टीमला व्हेंडरच्या कामात मदत केली.’ मी विचारलं, “मदत कुणाची केलीस?” ती म्हणाली, “तशी कुणाची नाही. सगळं मीच केलं.” मग ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘व्हेंडरच्या थकलेल्या बिलांची तपासणी पूर्ण केली, दोनदा आकारलेली रक्कम परत मिळवली.’ साहेबांचं उत्तर संध्याकाळी आलं. रक्कम परत मिळाली हे त्यांना माहीतच नव्हतं. नवा व्हेंडर नेमायचं काम त्यांनी तिच्या नावावर दिलं. नोंदींच्या पाळीबद्दल त्या मेलमध्ये काही नव्हतं. ते ती सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारणार आहे.